बारा शेजाऱ्यांशी मिटलं, दोघांशी अडलं: चीनची हद्द ठरते तरी कशी

चीनची जमिनीवरची हद्द सुमारे 22,000 किलोमीटरची, आणि तिला लागून चौदा देश. त्यांपैकी बारा देशांशी हद्द कराराने ठरलेली आहे. उरले दोन: भारत आणि भूतान. आपल्याकडे या विषयाची चर्चा 1962 पासून सुरू होते आणि गलवानपाशी थांबते. बाकीच्या बारा जणांशी चीनने काय केलं, किती मागितलं, किती घेतलं, हे बाजूलाच राहतं. खरं तर आपलं घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे समजायला तेच करार सगळ्यात जास्त उपयोगी पडतात.

आधी कामाची पद्धत पाहू. सीमा करार म्हणजे हस्तांदोलन, एक सही आणि फोटो, असं बातम्यांवरून वाटतं. प्रत्यक्षात काम चार टप्प्यांत चालतं आणि अनेकदा त्याला दहा-वीस वर्षं लागतात.

पहिला टप्पा तत्त्वांचा. कोणता जुना करार किंवा नकाशा आधार धरायचा? नदी असेल तर हद्द पात्राच्या मधून धरायची की मुख्य खोल प्रवाहातून? डोंगर असेल तर शिखरांना जोडणारी रेषा, की पाण्याचे दोन उतार वेगळे होतात ती पाणलोटाची रेषा? या टप्प्यावर एकही ठिकाण ठरत नाही, फक्त नियम ठरतात. दुसरा टप्पा निर्धारणाचा: ‘अमुक शिखरापासून अमुक ओढ्याच्या संगमापर्यंत’ असा मजकूर लिहायचा आणि सोबतच्या नकाशावर रेषा काढायची. तिसरा टप्पा सीमांकनाचा. दोन्ही देशांची पथकं एकत्र चालत जातात, कागदावरची रेषा जमिनीवर शोधतात आणि खांब रोवतात. प्रत्येक खांबाचे अक्षांश-रेखांश, उंची आणि आसपासच्या खुणा लिहून दोघं सह्या करतात. चौथा टप्पा देखभालीचा: ठरावीक वर्षांनी एकत्र तपासणी, पडलेले खांब उभे करणं, नदीने पात्र बदललं तर नोंद घेणं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांमधल्या फटीत सगळी गंमत आहे. 1:50,000 च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर 50 मीटर. अर्ध्या मिलिमीटरची रेघ काढली तरी तिच्याखाली 25 मीटर रुंदीची पट्टी येते. आता 1914 चा मॅकमहोन रेषेचा, म्हणजे ब्रिटिश भारत आणि तिबेट यांच्यामधल्या पूर्वेकडच्या हद्दीचा, नकाशा घ्या. त्याचं प्रमाण होतं एका इंचाला आठ मैल. तिथे एक मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर सुमारे 500 मीटर रुंद होते. तवांगच्या पश्चिमेला थाग ला कड्यापाशी हीच फट उघडी पडली. नकाशावरची रेघ जशीच्या तशी उतरवली तर ती कड्याच्या दक्षिणेला पडते. भारताचं म्हणणं असं की रेषा आखण्यामागचं तत्त्व पाणलोटाचं होतं, म्हणून हद्द कड्यावरूनच जायला हवी. चीनने नकाशावर बोट ठेवलं. 1962 च्या उन्हाळ्यात भारताने त्या कड्याखाली नामका चू नदीकाठी ढोला चौकी उभारली आणि ऑक्टोबरमध्ये युद्धाची ठिणगी तिथेच पडली.

खांबांचंही तसंच. बांधाची मोजणी करताना शेजारी हजर नसेल तर रोवलेला दगड रात्रीतून नाहीसा होतो, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. 1890 मध्ये ब्रिटिश आणि चिंग साम्राज्याने (चिंग म्हणजे चीनचं शेवटचं राजघराणं) सिक्कीम-तिबेट हद्दीचा करार केला. तिबेटला त्यात विचारलंच नव्हतं. 1895 मध्ये जॉन क्लॉड व्हाइट हा ब्रिटिश अधिकारी जेलेप ला खिंडीत खांब उभारून आला आणि लवकरच तिबेटींनी तो फोडून टाकला. जमिनीवर ज्याचा ताबा, तो टेबलावर नसेल तर करार टिकत नाही.

साम्राज्याला रेषा का नको होती

चिंग दरबारात 1861 पर्यंत परराष्ट्र खातं असं नव्हतंच. कोरिया, व्हिएतनाम, र्‍युक्यू बेटं यांचे नजराणे घेऊन येणारे दूत विधी-संस्कारांच्या मंत्रालयाकडे जात. मंगोल, तिबेट, शिनजियांग आणि बराच काळ रशियासुद्धा लिफानयुआन नावाच्या वेगळ्या कचेरीकडे होते. पहिल्या गटाकडून मान हवा होता, दुसऱ्या गटावर हुकमत. दोन्हींसाठी मोजून आखलेली रेषा लागत नव्हती.

अपवाद रशियाचा. 1689 च्या नेरचिन्स्क करारात आर्गुन नदी आणि स्तानोवॉय पर्वतरांग धरून हद्द लिहिली गेली. दुभाषे होते जेझुइट पाद्री आणि अधिकृत मजकूर लॅटिनमध्ये होता. पुढे साम्राज्य खिळखिळं झालं तेव्हा याच रशियाने 1858 च्या आयगुन करारात आमूर नदीचा डावा काठ आणि 1860 च्या पेकिंग करारात उसुरी नदीच्या पूर्वेचा मुलूख घेतला. व्लादिवोस्तोक त्याच मुलखात, त्याच वर्षी उभं राहिलं. नंतरच्या प्रत्येक चिनी सरकारच्या लेखी हे ‘असमान करार’ ठरले.

इथे एक बारकावा नीट पाहा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. 1949 नंतरच्या चीनने हे करार अन्यायाचे आहेत असं म्हटलं, पण गेलेला मुलूख परत मागण्याचा आग्रह फारसा धरला नाही. त्याचा आग्रह वेगळा होता: जुनी रेषा बहुतेक तशीच राहू दे, पण आमच्याशी बसून, आमच्या सहीने, नवा करार कर. मुलखापेक्षा कराराचं पितृत्व महत्त्वाचं.

1960 ते 1963: सहा करार

1959 मध्ये तिबेटमध्ये उठाव झाला. त्याच काळात माओच्या ‘मोठ्या उडी’ या आर्थिक मोहिमेमुळे देशात दुष्काळ पडला होता आणि सोव्हिएत संघाशी फाटत चाललं होतं. चहूकडून घेरल्यासारखी अवस्था. अशा वेळी चीनने चार वर्षांत सहा शेजाऱ्यांशी हद्दीचे करार केले: ब्रह्मदेश, नेपाळ, उत्तर कोरिया, मंगोलिया, पाकिस्तान, अफगाणिस्तान.

ब्रह्मदेशाचा करार या सगळ्यांचा साचा आहे. जानेवारी 1960 मध्ये तत्त्वं ठरली आणि 1 ऑक्टोबर 1960 रोजी चीनचे पंतप्रधान चौ एन लाय आणि ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू यांनी बीजिंगमध्ये सह्या केल्या. उत्तरेकडे मॅकमहोन रेषेचाच ब्रह्मदेशातला तुकडा होता. चीनने तो ‘पारंपरिक हद्द’ म्हणून मान्य केला. मॅकमहोनचं नाव मात्र करारात कुठेही येऊ दिलं नाही. देवाणघेवाण अशी झाली: ह्पिमाव, गावलुम आणि कांगफांग ही तीन गावं, सुमारे 153 चौरस किलोमीटर, चीनला परत. नामवान नावाचा 220 चौरस किलोमीटरचा पट्टा ब्रिटिशांनी 1897 मध्ये वर्षाला हजार रुपये भाड्याने कायमचा घेतला होता. तो आता ब्रह्मदेशाच्या मालकीचा झाला. त्याच्या बदल्यात ‘वा’ जमातीच्या पट्ट्यातला पांगहुंग-पांगलाओ हा 189 चौरस किलोमीटरचा भाग चीनकडे. या अदलाबदलीचा हिशेब जवळपास बरोबरीचा. पण चीनला जमिनीपलीकडेही काही मिळालं. सीमा आखणाऱ्या पथकांना संरक्षण द्यायचं म्हणून 1960-61 च्या हिवाळ्यात चिनी सैन्य ब्रह्मदेशाच्या संमतीने आत शिरलं आणि तिथे तळ ठोकून बसलेल्या, चीनच्या यादवी युद्धात हरलेल्या कुओमिंतांग पक्षाच्या फौजांवर तुटून पडलं.

नेपाळशी 5 ऑक्टोबर 1961 रोजी राजे महेंद्र यांनी करार केला आणि हद्द एव्हरेस्टच्या माथ्यावरून गेली. (उंचीबद्दलचं दुमत मात्र बराच काळ राहिलं. 8 डिसेंबर 2020 रोजी दोघांनी मिळून 8,848.86 मीटर हा आकडा जाहीर केला.)

मराठी घरांत 1962 म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला जाणं आणि ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य. त्याच वर्षाची चिनी दिनदर्शिका वेगळी दिसते. 12 ऑक्टोबरला उत्तर कोरियाशी गुप्त करार. त्यात पाएक्तू पर्वतावरचं सरोवर 54.5 टक्के कोरियाला, 45.5 टक्के चीनला. 20 ऑक्टोबरला भारतावर हल्ला. 21 नोव्हेंबरला युद्धविराम. 26 डिसेंबरला मंगोलियाशी करार. ही चीनची सर्वांत लांब हद्द, सुमारे 4,677 किलोमीटर. लढाई आणि तडजोडी एकाच वेळी चालू होत्या. भारत हटवादी आहे, बाकी सगळे आमच्याशी मिटवतात, असं जगाला दाखवणं हाही त्यातला एक हेतू होताच.

2 मार्च 1963 च्या पाकिस्तान कराराचं सहावं कलम आपल्या कामाचं आहे. काश्मीरचा प्रश्न सुटल्यावर तिथे ज्याचं सार्वभौमत्व असेल त्याच्याशी पुन्हा बोलणी करून नवा करार होईल, असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे पाकिस्तानने चीनकडे सोडलेल्या शक्सगाम खोऱ्याचा (भारताच्या मोजणीने 5,180 चौरस किलोमीटर) हा व्यवहार करणाऱ्यांनी स्वतःच तात्पुरता ठरवला होता. भारताला हा करारच मान्य नाही, हे वेगळं.

नदीची हद्द: रशिया

डोंगर जागचा हलत नाही, नदी हलते. 1860 च्या करारात आमूर आणि उसुरी या हद्दीच्या नद्या ठरल्या. पण सोबतच्या नकाशावरची रेघ चिनी काठाला चिकटून होती, म्हणून मधली बहुतेक सगळी बेटं आमची, असं मॉस्को म्हणायचं. 2 मार्च 1969 रोजी उसुरीतल्या झेनबाओ, म्हणजे रशियनांच्या दामान्स्की बेटावर गोळीबार झाला. बेट जेमतेम पाऊण चौरस किलोमीटरचं, त्यावर कायमची वस्ती नाही. दोन अणुसत्ता त्यावरून युद्धाच्या उंबरठ्यावर गेल्या.

गाठ सुटली ती तत्त्वाने. जुलै 1986 मध्ये व्लादिवोस्तोकच्या भाषणात सोव्हिएत नेते गोर्बाचोव यांनी मान्य केलं की हद्द मुख्य जलमार्गावरून जाऊ शकते. नियम एकदा ठरला की प्रत्येक बेटावर वेगळं भांडावं लागत नाही: खोली मोजायची, मुख्य प्रवाह शोधायचा, बेट ज्या बाजूला पडेल त्याचं. मे 1991 च्या करारात दोन हजारांहून जास्त बेटं या पद्धतीने वाटली गेली आणि झेनबाओ चीनकडे गेलं. नियमात न बसणाऱ्या दोन जागा बाजूला ठेवल्या. त्यांपैकी मोठी खबारोव्स्क शहरासमोरची, जिथे आमूर आणि उसुरी मिळतात. तिथे कुठला फाटा ‘मुख्य’ यावरच वाद होता. 2004 मध्ये दोन्ही जागा साधारण अर्ध्या-अर्ध्या वाटल्या आणि 2008 मध्ये सुमारे 174 चौरस किलोमीटर चीनकडे सोपवले गेले. अवघड जागेमुळे सोपं काम अडवायचं नाही, ही या वाटाघाटींतली सगळ्यात शहाणी गोष्ट.

सर्वांत तपशीलवार मोजणी: व्हिएतनाम

इथे आधार होता: फ्रान्स आणि चिंग साम्राज्याचे 1887 आणि 1895 चे करार आणि तीनशेहून जास्त जुने खांब. तरीही 1979 मध्ये युद्ध झालं आणि 1980 च्या दशकात व्ही शुयेनच्या डोंगरांवर वर्षानुवर्षं तोफा चालल्या. आधार असूनही बिघडलं कसं? जुने खांब विरळ होते, काही हलवले गेले होते, काही सापडतच नव्हते. शिवाय लोक वहिवाटीने पलीकडे शेती करत होते. रेल्वेचं उदाहरण तर मासलेवाईक. 1950 च्या दशकात चीनने हनोईकडे येणारा मार्ग दुरुस्त करून दिला तेव्हा रुळांची जोड हद्दीच्या 300 मीटर आत आली आणि पुढे चीन त्या जोडालाच हद्द म्हणू लागला, अशी व्हिएतनामची तक्रार होती.

1991 मध्ये संबंध पूर्ववत झाले आणि 1993 मध्ये तत्त्वं ठरली. मग दोघांनी आपापली रेषा नकाशावर काढून एकमेकांना दिली आणि त्या एकावर एक ठेवल्या. जिथे जुळल्या तिथे प्रश्नच नव्हता. जिथे नाही तिथे खऱ्या वादाच्या 164 जागा निघाल्या, सगळ्या मिळून सुमारे 227 चौरस किलोमीटर. इतक्या रक्तपातानंतर वादाची जमीन एखाद्या मध्यम शहराएवढी! 30 डिसेंबर 1999 च्या करारात सुमारे 113 चौरस किलोमीटर व्हिएतनामकडे आणि 114 चीनकडे गेले.

त्यानंतर खांब. पहिला 27 डिसेंबर 2001 रोजी मोंग काय-डोंगशिंग इथे बसला, काम संपलं 2008 च्या अखेरीस. सुमारे 1,450 किलोमीटर हद्दीवर लहान-मोठे मिळून 1,971 खांब, म्हणजे सरासरी पाऊण किलोमीटरला एक. नदीत खांब टिकत नाही, म्हणून एकाच क्रमांकाचे दोन किंवा तीन खांब काठांवर बसवून त्यांच्यावरून पाण्यातला बिंदू काढतात. कित्येक ठिकाणी आधी भूसुरुंग काढावे लागले. बान झोक धबधब्यापाशी तोडगा असा निघाला की दुय्यम धबधबा व्हिएतनामचा आणि मुख्य धबधबा निम्मा-निम्मा.

यात एक चूकही झाली. कराराचा मजकूर लगेच लोकांसमोर आला नाही. मग ‘सरकारने जमीन विकली’ ही कुजबुज व्हिएतनाममध्ये पसरली ती अजून थांबलेली नाही. समुद्राचं मात्र फक्त टोंकिनच्या आखातापुरतं जमलं (2000 चा करार, व्हिएतनाम 53.23 टक्के, चीन 46.77 टक्के). दक्षिण चिनी समुद्रात असा कुठलाच सर्वमान्य आधार नसल्यामुळे तिथे पहिला टप्पाही गाठलेला नाही.

मध्य आशिया, थोडक्यात

सोव्हिएत संघ फुटला आणि चीनला एकाऐवजी चार शेजारी मिळाले. शिनजियांगमधल्या अशांततेला पलीकडून आसरा मिळू नये, ही चीनची मोठी गरज होती. त्यामुळे तडजोडी लवकर झाल्या. कझाकस्तानशी वादातल्या 944 चौरस किलोमीटरपैकी 407 चीनला मिळाले. ताजिकिस्तानकडे दावा 28,000 चौरस किलोमीटरचा, प्रत्यक्षात मिळाले सुमारे हजार. आकडे चीनच्या उदारपणाचे पुरावे म्हणून दिले जातात, पण मूळ मागणीच फुगवलेली असेल तर टक्केवारीला फार अर्थ उरत नाही. किरगिझस्तानमध्ये कराराला विरोध करणारे खासदार बेकनाझारोव यांना 2002 मध्ये अटक झाली, आक्सी जिल्ह्यात निदर्शनं झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. बीजिंगशी जमलेला करार बिश्केकच्या सरकारला घरी महागात पडला.

आपलं कुठे अडलं

चार टप्पे डोळ्यांसमोर ठेवले की भारताचा प्रश्न सोपा होत नाही, पण नेमका दिसतो. तो पहिल्याच टप्प्यावर अडला. भारताची भूमिका होती की हद्द करार, परंपरा आणि वहिवाट यांनी ठरलेलीच आहे, बारीकसारीक दुरुस्त्यांपलीकडे बोलण्यासारखं काही नाही. जुलै 1954 नंतर भारतीय नकाशांवरून लडाखच्या बाजूची ‘अनिश्चित’ ही नोंद गेली आणि तिथे ठाम रेषा आली. चौ एन लाय यांनी जानेवारी 1959 च्या पत्रात लिहिलं की ही हद्द औपचारिकपणे कधी ठरलीच नाही. एकाच्या मते काम झालेलं, दुसऱ्याच्या मते सुरूही न झालेलं. एप्रिल 1960 मध्ये चौ दिल्लीत आले तेव्हा पूर्वेला मॅकमहोन रेषा आम्ही स्वीकारू, पश्चिमेला अक्साई चीन तुम्ही सोडा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. तीन महिन्यांपूर्वी ब्रह्मदेशाशी ठरलेलाच साचा. पण अक्साई चीनमधून चीनने आधीच गुपचूप रस्ता बांधला होता, लडाखमध्ये कोंगका ला इथे भारतीय पोलीस मारले गेले होते, आणि सुमारे 38,000 चौरस किलोमीटरवर पाणी सोडायला संसद तयार होणं शक्य नव्हतं. 1985 पासून चीनने तवांगची मागणी पुढे रेटली आणि तो जुना सौदाही टेबलावरून गेला.

मग 1993 आणि 1996 चे करार कशाचे? ते हद्दीचे नाहीत. ते प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर शांतता राखण्याचे आहेत: रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही, वगैरे. अडचण अशी की ती रेषाही नकाशावर एकत्र काढलेली नाही. 2000 मध्ये मधल्या, सर्वांत कमी वादाच्या भागाचे नकाशे दिले-घेतले गेले. 2002 मध्ये पश्चिमेच्या भागाची पाळी आली तेव्हा दाव्यांतलं अंतर एवढं निघालं की देवाणघेवाण झालीच नाही. व्हिएतनामशी जे केलं, म्हणजे दोन रेषा एकावर एक ठेवून खरा वाद किती ते मोजणं, ते इथे आजवर झालेलं नाही. म्हणून दोन गस्ती पथकं एकाच ओढ्याकाठी ‘आपल्याच’ हद्दीत भेटतात. 15 जून 2020 च्या रात्री गलवानमध्ये वीस भारतीय जवान गेले.

2005 मध्ये तीन पायऱ्या लिहून ठरल्या: आधी राजकीय निकष, मग तोडग्याचा आराखडा, मग आखणी. निकषांवर 11 एप्रिल 2005 रोजी सही झाली. दुसरी पायरी अजून चढायची आहे.

भूतानचं गणित लहान आणि जास्त नाजूक आहे. 1984 पासून बोलणी चालू आहेत. उत्तरेचे 495 चौरस किलोमीटर तुम्ही ठेवा, पश्चिमेचे 269 आम्हाला द्या, असा चीनचा 1990 च्या दशकातला प्रस्ताव. क्षेत्रफळ पाहिलं तर सौदा भूतानच्या फायद्याचा. पण पश्चिमेच्या त्या तुकड्यांत डोकलाम येतं आणि तिथून ईशान्य भारताला जोडणारा सिलीगुडीचा चिंचोळा पट्टा टप्प्यात येतो. भारत, भूतान आणि चीन यांच्या हद्दी मिळतात तो बिंदू भारताच्या मते बटांग ला, चीनच्या मते त्याच्या दक्षिणेला गिपमोची. चीन बोट ठेवतो ते त्या 1890 च्या करारावर. 2017 मध्ये यावरून 73 दिवस सैन्यं समोरासमोर उभी होती. असा बिंदू दोघांनी बसून ठरवता येत नाही. 2012 मध्ये भारत आणि चीनने तेच मान्य केलं होतं की संबंधित तिसऱ्या देशाचा सल्ला घेऊनच तो ठरेल.

ऑगस्ट 2025 मध्ये भारत आणि चीनच्या विशेष प्रतिनिधींनी, जिथे लवकर जमेल अशा भागात निर्धारणाची शक्यता तपासायला तज्ज्ञांचा गट नेमायचं ठरवलं. असा भाग म्हटला की सिक्कीमचं नाव निघतं, कारण तिथे निदान 1890 चा मूळ करार तरी दोघांना नाकारता येत नाही. चीनला हा तुकडा वेगळा काढून आधी मिटवायला आवडेल. दिल्लीची पंचाईत अशी की सिक्कीमच्या रेषेचं पूर्व टोक कुठे संपतं, हे लिहायला घेतलं की पहिल्याच ओळीत डोकलाम येतं, आणि त्या ओळीवर थिंफूची सही लागते.